मालकाची संमती नाही

आमच्या बेटावर नवी गाडी घेणं म्हणजे लोणच्याच्या बरणीत घड्याळ ठेवणं. हॉल्मसानला येणारा रस्ता भरती आली की समुद्राखाली जातो. ओहोटीला वर येतो तेव्हा खडी ओली आणि खारट असते, आणि ती गाडीचं पोट हळूहळू खाते. म्हणून इथे सगळे मरायला टेकलेल्या गाड्या चालवतात. दार निखळलं तर दोरीने बांधतात. आमचीही तशीच होती. पण ती तपासणीत नापास झाली, आणि माझ्या नवऱ्याला, एस्बनला, गाडीवाचून चालणारं नव्हतं. तो पियानोचे सूर जुळवायचा. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रीबे गावातल्या आणि आसपासच्या शाळा, चर्च, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोल्या. हत्यारांची एक पेटी आणि दोन कान, एवढ्यावर त्याचं दुकान चालायचं.

"ही गाडी तुम्हाला ओळखायला शिकते," विकणारा मोठ्या कौतुकाने म्हणाला. "सीट, आरसे, नेहमीचे रस्ते, गाडीत ऊब किती लागते ते. तुमचा आवाजसुद्धा."

"बायको ओळखते तेवढं पुरे आहे," एस्बन म्हणाला. "तीच जरा जास्त ओळखते."

विकणारा हसला. एस्बन हसला नाही. "हे सगळं बंद कुठून करायचं?"

"बंद? बंद कशाला करायचं?"

घरी आल्यावर तो गाडीत बसून पडद्यावरच्या एकेका प्रश्नाला ‘नाही’ म्हणत राहिला. ठिकाण कळवू का? नाही. आवाज जपून ठेवू का? नाही. चालवण्याची पद्धत भागीदारांना सांगू का? कोण भागीदार? नाही. मी दोनदा जेवायला हाक मारली. आत आला तो वैतागूनच. "इतक्यांदा नाही म्हटल्यावर माणसाला कळतं गं. हिला कळत नाही. आरशाजवळचा दिवा अजून जळतोय."

"जळू दे ना. काय गुपितं आहेत तुझी? हेरिंग मासळी खारवलेली आवडते की तळलेली?"

"बोडिल, ऐकणं हा माझा धंदा आहे. मी कुणाकडे ऐकायला जातो तेव्हा दार वाजवून जातो."

पुढच्या रविवारी त्याने थोर्किलला बोलावलं. थोर्किल आमचा शेजारी. पाहुण्यांना उंच ट्रॅक्टरला जोडलेल्या डब्यातून पुळणीवरून ने-आण करतो, आणि बेटावरची निम्मी यंत्रं त्याच्याच लाथांनी सुरू होतात. दोघांनी मिळून गाडीच्या पोटातून तळहाताएवढा काळा डबा उपटून काढला. आरशाजवळचा दिवा विझला. मदत मागायचं लाल बटणही विझलं.

"हे बघ," थोर्किल म्हणाला, "आता कुठे आपटलास तर ही कुणाला हाक मारायची नाही."

"मी मारीन की."

"सगळं बेट तुला खिडकीतून बघतं ते चालतं! आणि कुठल्या कचेरीतल्या यंत्राने बघितलं की लगेच तुझं पोट दुखतं."

"बोडिल बघते, पण मी पोचलो की बघणं थांबवते," एस्बन म्हणाला. "ते थांबवत नाहीत."

डबा त्याने आमच्या खुराड्यात खिळ्याला टांगला. कोंबड्यांचं ऐका म्हणावं.

खिडकीचं सांगायला हवं. रस्ता बेटावर चढतो तिथलं पहिलं घर आमचं. पलीकडून निघणारा माणूस निघण्याआधी पहिल्या घरी फोन करतो. "निघालोय," एवढंच. मग पहिल्या घरातलं कुणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतं आणि तो वर येईपर्यंत उठत नाही. वेळ झाली नि आला नाही, तर थोर्किलचा ट्रॅक्टर निघतो. आमच्या आधी त्या घरात राहणाऱ्यांनीही हेच केलं. आणि फोन आला नाही, तर रस्त्यावर कुणी नाही. हा नियम इतका जुना की तो कुणी बोलून दाखवत नाही.

एस्बन आपला मोबाइल घरीच ठेवून जायचा, तोही चुगलखोरच. निघताना ज्याचा पियानो असेल त्याच्या फोनवरून मला कळवायचा. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी दुपारीच फोन आला, तो त्याच्या बहिणीच्या घरून. इंगेर रीबेला राहते. वारा पश्चिमेचा होता, आणि पश्चिमेचा वारा पाणी वेळेआधी आणतो.

"आज इंगेरकडेच राहतो," तो म्हणाला. "तिने वाटाण्याचं सूप केलंय. तुझ्यापेक्षा बरं करते."

"मग तिलाच कर बायको."

"बहीण आहे गं ती."

त्यावर आम्ही दोघंही हसलो. मग मी खिडकीचा पडदा ओढला आणि विणकाम घेऊन बसले.

तो नंतर का निघाला, कुणालाच कळलं नाही. इंगेर म्हणते, सूप खाल्लं, खिडकीतून आभाळाकडे पाहिलं, म्हणाला, "पडेल वारा एवढ्यात." फोन तिच्या कोपरापाशी होता. त्याने तो उचलला नाही, आणि तिला वाटलं, आधीच केला असेल.

सकाळी गाडी रस्त्याच्या कडेला वाळूत तोंड खुपसून बसलेली सापडली. आत खिडकीपर्यंत वाळू. चालकाच्या बाजूचं दार उघडं, पट्टा नीट सोडलेला. एस्बन नव्हता. होड्या आल्या, हेलिकॉप्टर आलं, बेटावरचा प्रत्येक माणूस ओहोटीला काठ्या घेऊन पुळणीवर उतरला. समुद्राने त्याची टोपीसुद्धा परत दिली नाही.

चर्चच्या आवारात आमची जागा घेऊन ठेवलेली आहे. भोवती गुडघ्याएवढं कुंपण, मधे बारीक खडी. मी दर शनिवारी ती खडी दाताळ्याने सारखी करते. इंगेर म्हणायची, "दगड तरी ठेव गं नावाचा. लोक काय म्हणतील?" मी म्हणायचे, रिकाम्या जागेवर नाव लावायला ती काय दुकानाची पाटी आहे? त्याला आणीन, तिथे ठेवीन, मग दगड. मला त्या काळात दुसरं काही नको होतं. तो कुठे आहे ते कळावं, आणि त्याला घरी आणावं.

गाडी थोर्किलने ओढून पलीकडे नेली. भंगारवाल्याच्या यंत्राने ती दाबली तेव्हा मी समोर उभी होते. बिस्किटाचा पुडा चुरगळावा तशी झाली.

एप्रिलमध्ये मी बटाटे सोलत असताना घरचा फोन वाजला. बाई तरुण होती, आवाज गोड आणि सावध. नाव सांगितलं पर्निल. गाडीच्या कंपनीच्या मदत केंद्रातून.

"तुमच्या गाडीने मदतीची हाक दिली आहे," ती म्हणाली. "आम्ही आत बोलायचा प्रयत्न करतोय, पण कुणी उत्तर देत नाहीये. सगळं ठीक आहे ना?"

"पोरी, ती गाडी भंगारात गेली. बर्फ पडायच्या आधी."

कळफलकाची टकटक ऐकू आली. चुकीचा संकेत असेल म्हणाली, त्रासाबद्दल माफी मागितली. मी बटाटे तसेच ठेवून खुराड्यात गेले. डबा खिळ्यावरच होता. वरून कोंबड्यांची शिट वाळलेली, दोन तारा खाली लोंबत होत्या. हातात घेतला. गार होता. कशालाही जोडलेला नव्हता.

दुसऱ्यांदा तिचा फोन आला तेव्हा ती तितकी गोड नव्हती. "तीच गाडी, बाई. चालू आहे असं दाखवतंय. काचेचे वायपर फिरतायत."

"कुठे आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"का?"

"मालकाची संमती नाही." पुढचं तिने वाचून दाखवल्यासारखं म्हटलं. "त्यांनी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हटलेलं आहे."

"मालक वारला गं."

"मला खरंच वाईट वाटतं. पण आपला कायदा माणूस गेल्यावरही दहा वर्षं हे जपतो."

मला हसू आलं. जिवंतपणी याचं कुणी ऐकलं नाही. आणि आता अख्खं राज्य त्याची बाजू घेऊन माझ्यासमोर उभं.

"आत काही ऐकू येतंय का, एवढं तरी सांग."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती आवाज खाली करून म्हणाली, "मी हे सांगितलं असं कुणाला बोलू नका. कुणीतरी एकच सूर धरून बसलंय. गाणं नाही. एकच सूर. थांबतो, आणि मग परत तोच."

मी खुर्चीवर बसले. एस्बन कामावरून परतताना गाडीत तेच करायचा. दिवसभर दुसऱ्यांचे बिघडलेले सूर ऐकून कान विटले की तो आपला एक खरा सूर लावायचा, घर येईपर्यंत. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. गाडीला माहीत झालं असेल तर तेवढंच.

रागावून फोन ठेवण्याऐवजी मी विचारलं, "संमती मी देऊ शकते का?"

वारस म्हणून देता येत होती. कोर्टाचा मृत ठरवल्याचा कागद आलेला होता, तो पाठवला. मग त्यांनी माझ्या मोबाइलवर एक लांबच लांब मजकूर पाठवला. मी तो थोर्किलसमोर टेबलावर ठेवला. त्याने चष्मा चढवला, दोन बोटांनी मजकूर वर सरकवत राहिला, सरकवतच राहिला.

"एवढं तर लग्नातसुद्धा वदवून घेत नाहीत," तो म्हणाला.

"सही कुठे करायची ते बघ."

"सही नाही. खाली ‘मान्य’ असं बटण आहे. यात तुझंही ठिकाण त्यांना द्यावं लागेल, बोडिल. गाडीचं हवं तर स्वतःचंही द्यायचं, असं लिहिलंय." त्याने चष्मा काढला. "त्याला आवडलं नसतं."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"त्याला समुद्रात राहायलाही आवडत नसेल."

थोर्किलने मोबाइल माझ्याकडे सरकवला. मीच दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला, मग नकाशा उमटला. बेटावर आमच्या घरापाशी एक निळा ठिपका, तो मी. आणि रस्त्याच्या दक्षिणेला, जिथे नकाशावर नुसता फिकट निळा रंग भरलेला असतो, तिथे गाडीचं छोटंसं चित्र.

त्या वेळी भरती होती. चित्राच्या वर माणूसभर उंच पाणी होतं. चित्र हललं नाही.

"उद्याच्या ओहोटीला," थोर्किल म्हणाला, आणि फावडी शोधायला उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता; आभाळ धुतलेल्या जस्ताच्या पत्र्यासारखं. थोर्किलने पाहुण्यांचा डबा सोडून नुसता ट्रॅक्टर काढला होता. मागे दोरखंड, फावडी आणि घडी केलेलं स्वच्छ ताडपत्रीचं कापड. ते कशाला, हे मी विचारलं नाही. माझ्या पिशवीत एस्बनचा कोरडा स्वेटर होता. तो कशाला, हे त्यानेही विचारलं नाही.

रस्ता सोडून आम्ही पुळणीवर उतरलो. पाणी नुकतंच सरकलेलं, वाळू चाकांखाली चोखल्यासारखा आवाज करत होती. जिकडे पाहावं तिकडे वाळूतल्या किड्यांनी वर टाकलेली बारीक वेटोळी. दूर पाणपक्ष्यांची रांग चोची खुपसत चाललेली. मोबाइल मी दोन्ही हातांनी धरला होता. निळा ठिपका गाडीच्या चित्राकडे सरकत होता.

"किती राहिलं?" थोर्किलने इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं.

"सरळ. अजून सरळ."

"तिथे काहीच नाहीये गं. मला क्षितिजापर्यंत दिसतंय."

मलाही दिसत होतं. सपाट, ओली, चकाकणारी वाळू. ठिपका आणि चित्र एकमेकांना चिकटले तेव्हा त्याने ट्रॅक्टर थांबवला. इंजिन बंद केलं.

आणि दोघांनाही ते एकदमच दिसलं.

पावसात उभी असलेली गाडी निघून गेली की खाली कोरडी जागा राहते ना, तशी. लांबट, चौकोनी, कडा रेघ मारल्यासारख्या सरळ. भोवतीची वाळू काळपट ओली, आणि मधली तेवढी पांढरी, भुसभुशीत, कोरडी. तिच्यावर किड्यांचं एकही वेटोळं नव्हतं. चाकांच्या खुणा नव्हत्या. तासाभरापूर्वी तिथे समुद्र होता.

थोर्किल ट्रॅक्टरवरून खाली उतरला नाही. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी उतरले. बुटांत पाणी शिरलं. कडेपाशी गुडघे टेकून मी हात पुढे केला आणि तळवा वाळूवर ठेवला.

उबदार होती.

इंजिनाखालच्या जमिनीसारखी. आत्ता, एवढ्यात निघून गेल्यासारखी.

मी फावडं मागितलं. थोर्किलने ते वरूनच खाली दिलं. मी खणलं. हातभर खाली गेले तरी कोरडीच वाळू; मग ओली, मग पाणी. दुसरं काही नव्हतं. मी बाजूला सरकून परत खणलं. माझ्या तोंडून कसला तरी आवाज येत होता, तो माझाच आहे हे मला उशिरा कळलं.

मोबाइल थरथरला.

नकाशावर गाडीचं चित्र नव्हतं. खाली कंपनीचा निरोप आला होता, त्यांच्या नेहमीच्या सभ्य भाषेत. मालकाने संमती मागे घेतली आहे. आपल्या गाडीविषयीची सर्व माहिती कायमची पुसण्यात आली आहे.

"बोडिल," थोर्किल म्हणाला. "पाणी फिरलं."

आम्ही चढलो. मागे वळून पाहिलं तेव्हा पहिली पातळ लाट त्या चौकोनाच्या कडेला आली होती. ती आत शिरली नाही. कडेने वळसा घालून पुढे गेली. मग दुसरी आली, आणि मग मला पुढे बघावं लागलं.

घरी आल्यावर मी पर्निलला फोन केला. ती त्या दिवशी कामावरच होती. "त्यांनी स्वतः केलं," ती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "गाडीतून. ओळख पटवायला आम्ही काही प्रश्न विचारतो. सगळ्यांची उत्तरं बरोबर दिली. मला थांबवता आलं नाही, बाई. कायदाच तसा आहे."

"आणखी काही बोलला?"

"बोलले. मी विचारलं, मदत पाठवू का. म्हणाले, नको, बघत होतात तेवढंच पुरे झालं."

मी तिचे आभार मानून फोन ठेवला. नंतर कधीतरी केला तेव्हा तिथल्यांनी सांगितलं, ती नोकरी सोडून गेली.

जूनमध्ये मी इंगेरला म्हटलं, दगड मागव. ती फोनवर रडली. मी रडले नाही; मी तिला वाटाण्याच्या सुपाची कृती विचारली. दगड साधा आहे, राखाडी. त्याच्याखाली कुणी नाही हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. शनिवारी मी तिथे जाते तेव्हा लोक दुसरीकडे बघतात. आमच्याकडची सभ्यता तशीच.

माझ्या मोबाइलवर तो नकाशा अजून आहे. गाडीचं सगळं पुसलं; माझी संमती मात्र तशीच राहिली. ती मी मागे घेतलेली नाही. त्यात माझा निळा ठिपका दिसतो, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. ती पुळणीवरून आलो त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसली. ‘तुमचं ठिकाण सध्या एक जण पाहत आहे.’ शेजारी पाहणाऱ्याचं अंतर. बंद करायचं बटणही तिथेच आहे.

थोर्किलला मी हे दाखवलेलं नाही. अंतर भरतीला कमी होतं आणि ओहोटीला वाढतं, आणि प्रत्येक भरतीला आधीपेक्षा थोडं जास्त कमी होतं. उन्हाळाभर मी ते बघत होते, लोक हवामान बघतात तसं.

आज सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून हेरिंग साफ करत होते. हात पुसून मोबाइल पाहिला. अंतराच्या जागी आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘जवळच’.

माझ्यामागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. पायांना ऊब लागत होती.

मी वळून पाहिलं नाही. त्याला कुणी टक लावून पाहिलेलं आवडत नाही.